टेपच्या आतलं बोट

माझी ताई कपडे शिवते, आणि तिच्या नाकावर माशी बसत नाही. गिऱ्हाइकाने नुसतं "इथे जरा घट्ट वाटतंय" म्हणायचा अवकाश, ती आधी गिऱ्हाइकाकडे बघते, मग कपड्याकडे, आणि चूक कुणाची आहे ते तोंडाने न बोलता सांगून मोकळी होते. गिऱ्हाईक बिचारं पोट आत ओढून घरी जातं. तरी पुढच्या वेळी परत तिच्याकडेच येतं, कारण तिच्यासारखा कपडा अंगावर बसवणारं आमच्या रस्त्यावर दुसरं कुणी नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे तिचं मशीन आणि कापायचं टेबल, मागे माझं इस्त्रीचं टेबल, मध्ये ट्रायलसाठी एक पडदा. वरच्या दोन खोल्यांत ताई आणि भावोजी राहतात. मी तिची धाकटी बहीण. सकाळी येते, दिवसभर तिची बोलणी खाते, संध्याकाळी घरी जाते.

शिवणाच्या बाबतीत ताईचे दोन कायदे होते. माप घेताना टेपच्या आत आपलं एक बोट ठेवायचं, म्हणजे माणसाला श्वास घ्यायला जागा राहते. आणि शिवणीच्या आत माया भरपूर सोडायची, म्हणजे जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. "माणूस काय आयुष्यभर एका मापाचा राहतो का?" ती म्हणायची. "उद्या सुटला, तर उसवून मोठं करता आलं पाहिजे." हे दोन्ही कायदे तिने मोडले. दोन्ही वेळा मी तिथेच होते.

भावोजी बस स्टँडवर तिकीट खिडकीत बसतात. बसून काम, हाताशी बिस्किटांचा पुडा, तासातासाला चहा. माणूस गोड, थट्टेखोर, आणि चांगला गोलमटोल. स्वतःवरच विनोद करायचे. "खिडकीतून मी अर्धाच दिसतो म्हणून लोकांना तिकीट तरी मिळतं," म्हणायचे. पण जिना चढून वर गेले की पाच मिनिटं बोलती बंद व्हायची. शेवटी ताईने त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई शहाणी. तिने घाबरवलं नाही, उपाशी राहा म्हणून सांगितलं नाही. अर्धं ताट भाजीने भरा, गोड आणि तळलेलं कमी करा, रोज चाला, वेळेवर झोपा. वजन हळूहळू उतरू दे, घाईने उतरलेलं वजन चांगलं नव्हे. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी उठल्यावर काट्यावर उभे राहा, कंबरही मोजा, आणि तीन महिन्यांनी मला दाखवायला या.

"काटा कशाला?" बाहेर पडल्या पडल्या ताई म्हणाली. "मी काय मेले आहे का? माझा टेप आहे ना!"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, भावोजी कापायच्या टेबलाशी हात वर करून उभे राहायचे. ताई एक बोट आत घालून टेप फिरवायची, आणि कमरेचा आकडा टेबलाच्या कडेवर खडूने लिहायची. मागचा पुसायचा, नवा लिहायचा. पहिले काही आठवडे टेप जागचा हलला नाही. भावोजींचं तोंड एवढंसं झालं. मग अर्धा इंच गेला. मग बऱ्याच दिवसांनी आणखी अर्धा. ते स्टँडपर्यंत चालत जायला लागले, बिस्किटांच्या जागी सफरचंद आलं. एके दिवशी जिना चढून वर गेले आणि तिथून मला हाक मारून म्हणाले, "छोटे, ऐक, मी बोलतोय!" आम्ही तिघंही खूप हसलो. खरंच सांगते, त्या दिवसांत त्या घरात आनंद होता.

मग भावोजींचा गुडघा धरला. चालणं बंद झालं, रिक्षा सुरू झाली. त्यात कामाची पाळी बदलली आणि बिस्किटांचा पुडा परत खिडकीत आला. मला वाटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात. पण रविवारी टेप फिरला आणि कंबर एक इंचाने कमी निघाली. पुढच्या काही रविवारी आणखी.

ताई हवेत होती. "बघ," ती मला म्हणाली, "एकदा अंगाला वळण लागलं की आपोआप उतरतं."

मला ते पटलं नाही. शास्त्र वगैरे मला काही कळत नाही, पण चालताना जे मुंगीच्या पावलांनी उतरत होतं ते बसल्या जागी पळायला का लागलं, एवढं कोडं तर कुणालाही पडावं. तसं मी बोललेही. त्यावर ताईने माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

तिचा हातखंडा असा की इंच कमी झाला रे झाला, त्याच दुपारी भावोजींची पँट उसवून आत घेतलेली असायची. शर्टाच्या बाजू, पाठीवरच्या चुण्या, सगळं कमरेच्या नवीन मापाला. त्यामुळे ते कधीच खंगलेले दिसले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या घरी पँट घसरली असती, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबला असता, चार लोकांनी विचारलं असतं. इथे माणूस आतून वितळत होता आणि कपडा बरोबर त्याच्या मागे मागे जात होता. स्टँडवरचे लोक म्हणायचे, "काय हो, नवरदेव दिसायला लागलात!" शेजारच्या बायका दुकानात येऊन ताईला विचारायच्या, काय खायला घालतेस, आम्हालाही सांग. कौतुकाने ताईला मूठभर मांस चढायचं. भावोजींचं मात्र उतरत होतं. मला त्या बायकांचा अस्सा राग यायचा की इस्त्री त्यांच्याच पाठीवर फिरवावीशी वाटायची.

एका रविवारी ताईने त्यांच्या सगळ्या पँटी टेबलावर काढल्या आणि आतली माया कात्रीने कापायला घेतली.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"जाड गोळा होतं आतमध्ये, बसायला टोचतं त्यांना. आणि आता परत सुटायचं नाहीच, मग ठेवायची कशाला?"

कात्री चालत होती, कापडाच्या पट्ट्या खाली पडत होत्या. भावोजी माझ्या स्टुलावर बसले होते. हल्ली ते जिना चढायच्या आधी तिथे टेकायचे. दुपारचं त्यांचं जेवण टेबलावर होतं तसंच होतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणायचे. मी म्हटलं, "भावोजी, डॉक्टरीणबाईंकडे तीन महिन्यांनी जायचं होतं ना?"

उत्तर ताईने दिलं. "चांगल्या माणसाने दवाखान्यात जाऊन करायचं काय? उगाच काहीतरी शोधून काढतात."

भावोजी हसले. पण हसताना त्यांनी पोटावर हात धरला होता.

मग कोटाचं निघालं. भावोजींना बढती मिळाली, खिडकीतून आतल्या खुर्चीत. कचेरीत छोटा समारंभ होता, फोटो निघणार होते. ताई म्हणाली, नवा कोट शिवते. पँट कमरेवर भागते, कोटाला मात्र सगळा माणूस मोजावा लागतो. म्हणून त्या सकाळी तिने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कंबर सोडून दुसरं काही मोजायला घेतलं.

ती आकडे मोठ्याने बोलायची आणि मी खडूने टेबलावर उतरवायची, ही आमची जुनी पद्धत. "खांदा, साडेअठरा." खांदा होता तेवढाच, हाडाचं माप बदलत नाही. "छाती." तिने आकडा सांगितला, जरा थांबून. "दंड." तिने दंडाला टेप गुंडाळला. मी खडू धरून उभी. तिने टेप काढला, परत लावला. आकडा सांगितलाच नाही. मग टेप गळ्याला लावला. भावोजींचा गळा साडेसोळा, हे तिला तोंडपाठ होतं, लग्नाचा कोट तिनेच शिवला होता. टेप चौदावर मिटला, आणि तिचं बोट आत होतं.

"अहो," ती म्हणाली, "शर्ट काढा."

"अगं, छोटी आहे इथे."

"काढा म्हणते ना!"

मी पडद्याआड गेले. पडद्याच्या फटीतून समोरच्या आरशात मला दिसलंच. पाठीवर फासळ्यांच्या ओळी होत्या, आणि खांद्याची हाडं अशी वर आली होती की जणू शर्ट काढला तरी हँगर आतच राहिला होता. इतके दिवस तिने फक्त तेवढंच मोजलं होतं जे कमी झालेलं तिला हवं होतं. बाकीचा माणूस तिने मोजलाच नव्हता. आणि मोजण्यात तर तिची हयात गेली होती.

ताई खाली बसली, टेप गळ्यात तसाच. भावोजी म्हणाले, "अगं, कमी करायला तर तूच सांगितलं होतंस." त्यांना थट्टाच करायची होती. ताईचा चेहरा मी बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे. तिने भावोजींना काट्यावर उभं केलं आणि जुना कागद काढून पाहिला. "छान चाललंय का तुमचं चालणं?"

"चालणं कधीच बंद झालं," मी म्हटलं. "गुडघा धरल्यापासून."

"आणि खाणं?"

"दोन घास."

"आणि तरी उतरतंय?" डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने भावोजींना आडवं करून पोट दाबून पाहिलं, एका जागी हात परत परत नेला, आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, काढता येईल, पण या अंगाला ऑपरेशन झेपायचं नाही. आधी थोडं वजन चढू दे. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा खायला घाला. वजन असंच उतरत राहिलं तर मग आमच्या हातात फार काही राहणार नाही.

तेव्हापासून सगळं उलटं चाललंय. भावोजींना बिस्किटांचा अख्खा पुडा समोर ठेवतात आणि ते एक उचलून तासभर हातात धरतात. ताई दर दोन तासांनी वाटी घेऊन वर जाते. पँटी आता कमरेवरून घसरतात, पण ती आत घेत नाही. "नाही घेणार," म्हणते. "दिसू दे लोकांना." मोठ्या करायच्या म्हटल्या तरी माया कापून टाकलेली. कोट मात्र तिने पूर्ण केला, लग्नाच्या वेळच्या जुन्या मापाला, आत चार-चार बोटं माया सोडून. तो माझ्या टेबलाच्या वर टांगलाय. समारंभ कधीच होऊन गेला. मी रोज त्याच्यावरची धूळ झटकते. कोट इतका रुंद आहे की कधीकधी मला त्याची भीती वाटते.

रविवारचा टेप मात्र चुकत नाही. दवाखान्यातला काटा महिन्यातून दोनदा, आपल्याला दर आठवड्याला कळायला हवं, असं ताईचं म्हणणं. पहिल्या रविवारी आकडा आणखी खाली गेला. दुसऱ्याही. तिने ते खडूने लिहिले आणि लगेच वाटी भरायला गेली.

या रविवारी मी मागे इस्त्री तापवत होते. पडद्यापलीकडून भावोजींचा आवाज आला, "किती?"

"अर्धा इंच वाढलीय," ताई म्हणाली.

माझ्या अंगात वीज आली म्हणा ना. इस्त्री तशीच उभी ठेवून मी पडदा बाजूला केला. भावोजी हात वर करून उभे होते. ताई त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली होती, मान खाली, टेप कमरेभोवती ताणलेला. आणि टेपच्या आत बोट नव्हतं. तिचा अख्खा तळहात होता, त्यांच्या पोटावर सपाट ठेवलेला.

भावोजींनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली, काही बोलू नकोस. पोट त्यांचं, हात त्यावरच होता. त्यांना कळत नव्हतं असं कसं होईल?

"छोटे, लिही," ते म्हणाले. "वाढलीय कंबर."

"हो, भावोजी," मी म्हणाले. खडू घेऊन ताईने सांगितलेला आकडा मी टेबलाच्या कडेवर लिहिला.

ताई टेप सोडवायला लागली.

"राहू दे जरा," भावोजी म्हणाले. "हात गरम आहे तुझा."

ताईने हात काढला नाही.