अंग असलेला चहा

सौंदड ठेसनाबाहेर चहा विकणाऱ्या धनवंताबाईची जीभ भांडणात तिखट, पण चव पारखण्यात त्याहून तिखट. छप्पन साली गोंदियाचा व्यापारी चहापत्तीची नवी पेटी घेऊन आला. चहा बिघडला तर गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर जाणार, म्हणून तिनं आधी बिनदुधाचा घोट घेतला.

"बाई, या चहाले अंग आहे!" व्यापारी म्हणाला.

"अंग म्हंजे?"

"तोंड भरते. पाण्यावानी पचपचीत नाही."

तिनं घोट तोंडात घोळवला. "अंग आहे खरं भाऊ, पन आंघोळ कोठी केली? तेंदूपत्त्याचा वास येऊन राहिला. पेटी बिडीच्या गोदामात ठेवली होती ना?"

व्यापाऱ्यानं ओशाळून पेटी उचलली. आठवड्यानं दुसरी आणली अन् स्वतःच म्हणाला, "याले आंघोळ घालून आणलं, बाई."

धनवंताबाईनं घोट घेतला आणि हसत चुलीवर आधण चढवलं.