दातवाल्याचं ग्रीक

माझा धाकटा भाऊ दात करतो. डॉक्टर नव्हे तो. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात. हा डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो आणि कवळी तयार करून डब्यातून परत पाठवतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. गल्लीत त्याला दातवाला म्हणतात. पॉलिशचं काम माझ्याकडे. माझा नवरा गेल्यावर मी इथे आले, भावाची बायको त्याआधीच गेली होती. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, खाली तळमजल्यावर काम करतो.

बोलायचं कामही माझ्याकडेच. भाऊ दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. लहानपणापासून मी त्याला एकच सांगत आले, "बोल ना, तोंडात कवळी अडकली का?" लहानपणी त्याला कवळी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पुढे त्याने तोच धंदा धरला, हा माझा दोष नाही.

त्याचा मुलगा जहाजावर इंजिनात काम करतो. एका ग्रीक बंदरात जहाज दुरुस्तीला तीन महिने अडकलं आणि आमचा मुलगा तिथे कायमचा अडकला. सून ग्रीक, नात ग्रीक बोलणारी. मुलगा घरात कमी आणि समुद्रावर जास्त, मग पोरीला आपली भाषा शिकवणार कोण? नात तीन वर्षांची असताना एकदा फोनवर आम्हाला दाखवली. भाऊ पडद्यासमोर बसून नुसता हात हलवत राहिला. पोरीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बापाला काहीतरी विचारलं. मुलगा हसत म्हणाला, "बाबा, ती विचारतेय, आजोबा बोलत नाहीत का?"

मीही हसले, खोटं कशाला बोलू. भाऊ हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते वाक्य जसंच्या तसं मुलाकडून मागवून घेतलं, मेणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपल्या अक्षरांत लिहिलं आणि कामाच्या दिव्यावर चिकटवलं. ओ पापूस धेन मिलाई? दोन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. लागलेलं बोलणं माणसं विसरायला बघतात, आमच्या माणसाने त्याची पाटी केली.

मग त्याने शिकवणी लावली. मी म्हटलं, "अरे, सून ग्रीक आहे. तिला रोज फोनवर दोन शब्द विचार. फुकटात होईल."

"तिच्यासमोर चुकायचं नाही मला," तो म्हणाला. म्हणजे चुकायचं, पण परक्याच्या घरी जाऊन.

हे परके गृहस्थ एका ड्रायक्लीनरच्या वरच्या खोलीत ग्रीक शिकवत. नाव काही का असेना, मी त्यांना 'अवशेष' म्हणायचे. भिंतभर पडक्या देवळांची आणि मुंडकं नसलेल्या पुतळ्यांची चित्रं, आणि मधोमध हे, त्यांच्यातलेच एक. शब्द दगडात रुततो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जो शब्द शिकायचा तो एखाद्या खांबाला, देवाला किंवा राक्षसाला बांधूनच. दार शिकायचं तर देवळाचं. पाव शिकायचा तर वेदीवर वाहिलेला. कुत्रा शिकायचा तर पाताळाच्या दाराशी बसलेला, तीन तोंडांचा. त्यांच्याकडे झोपसुद्धा देव होती आणि भीतीसुद्धा, युद्धाच्या देवाचा मुलगा, फोवोस. दोन वर्षांत भाऊ तीनशे शब्द शिकला आणि त्यातले निम्मे खांबांचे अवयव होते. खांबाला इतके अवयव असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणून माझं कधी काही अडलंही नव्हतं.

बरं, शिकून गप्प बसावं. तर नाही. उरलेल्या प्लास्टरचं त्याने देऊळ केलं. समोर आठ खांब, बाजूला सतरा, मोजून. मी कवळ्या कुठे सुकायला ठेवू, याची त्याला पर्वा नाही. त्यापाठोपाठ तो तीन तोंडांचा कुत्रा केला, मांजराएवढा, आणि नापास झालेल्या कवळ्यांमधले दात काढून तिन्ही जबड्यांत बसवले. एका दवाखान्याचा माणूस डबा न्यायला आला, तो दारातच थबकला आणि म्हणाला, "हे माप कुणाचं घेतलं?" आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याला डबा दिला आणि वाटेला लावलं.

या वर्षी मुलाने कळवलं, तीन आठवड्यांसाठी सगळे येतोय. पोरगी पाच वर्षांची झाली आहे. इथे रमली तर पुढे दर सुट्टीत तिला पाठवू. नाही रमली तर उगाच एवढ्या लांब ओढत आणण्यात अर्थ नाही, असं सुनेचं मत. भावाने तो फोन ठेवला आणि त्या दिवशी एका कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ते आले तेव्हा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचा पेला आणि पावाचा तुकडा. पोरगी आईच्या मागे. भावाने घसा साफ केला, पेला उचलला आणि म्हणाला, "इदोर." मग पाव. "आर्तोस." मग दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "थिरा."

पोरीने तोंड वर करून आईकडे पाहिलं. सून आधी गोंधळली आणि मग तिला हसू आवरेना. बिचारीने पदर नसल्याने हातरुमाल तोंडाला लावला. मुलगा बापाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाबा, हे शब्द देवळात आणि दुकानाच्या पाट्यांवर असतात. घरात कुणी बोलत नाही. आपल्याकडे कुणी पाहुणा येऊन उदक द्या, द्वार लावा, श्वान बांधा म्हणाला, तर कसं वाटेल?"

मला कसं वाटलं ते सांगते. मी आत जाऊन पोटभर हसले. मग बाहेर आले तेव्हा भाऊ ट्रे घेऊन तिथेच उभा होता आणि पोरगी पडद्यामागे गेली होती. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी दुसऱ्या कुणावर तरी उखडते. ती माझी जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवशी मी थेट ड्रायक्लीनरच्या जिन्यावर. अवशेष सुटे कागद लावत बसले होते.

"पाण्याला काय म्हणतात हो तिकडे?" मी विचारलं.

"इदोर."

"आणि तिथली पोरं काय म्हणतात?"

त्यांनी चष्मा पुसला. "बाई, मी अभिजात भाषा शिकवतो. बाजारी नव्हे."

"तुम्ही कधी गेलात तिथे?"

ते प्रवासी कंपनीत तिकिटं लिहून देत होते, बत्तीस वर्षं. लोकांना देवळं बघायला पाठवायचे. स्वतः तिकिटाच्या खिडकीवरून उठले नाहीत. हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि वर अभिमानाने सांगितलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा भाऊ पाच वर्षांच्या नातीशी बोलायला तुमच्याकडे आला होता, असं मी म्हटलं. ते म्हणाले, हे त्याने कधी सांगितलं नाही. हे मात्र खरं असणार. तो सांगता तर एवढं झालं असतं कशाला.

घरी भावाचं बोलणं आणखी आटलं. दहा वाक्यांची चार झाली. तो खोलीत शिरला की पोरगी बाहेर जायची. दीड आठवडा असाच गेला. सून बॅगेकडे बघू लागली.

मग एक दिवस मुलाला आणि सुनेला पोरीच्या कागदपत्रांसाठी सकाळीच कचेरीत जायचं होतं. तिथे पोरीला दिवसभर बसवणार कुठे? आमच्याकडे सोडून गेले. ती कारखान्याच्या उंबऱ्यावर उभी, खालचा पटाशीचा दात जिभेने हलवत. दुधाचा होता, चांगलाच लोंबत होता. जोरात बोललं की कुठलीही भाषा कुणालाही कळते, असा माझा समज आहे. मी जोरात बोलून तिला बिस्कीट दिलं. तिने चावा घेतला आणि दात बिस्किटात राहिला. तोंडात रक्त, आणि जी किंकाळी फोडली ती गल्लीने ऐकली असेल. मी पेला घेऊन धावले, "पाणी घे, पाणी," करत. मला जवळ येताना बघून तिने आवाज आणखी चढवला.

भाऊ तिच्याकडे धावला नाही. त्याने तो तीन तोंडांचा कुत्रा कपाटावरून खाली ओढला, फरशीवर तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः खाली बसला, गुडघे दुखत असताना. मग पक्कड घेऊन त्याने मधल्या तोंडातला खालचा पुढचा दात उपटला. कट्. तो तळहातावर ठेवला, कुत्र्याच्या जबड्यातली फट दाखवली आणि म्हणाला, "ओदूस."

पोरगी रडायची थांबली. तिने ती फट पाहिली. बिस्किटातून आपला दात काढला, त्याच्या तळहातावर त्या दुसऱ्या दाताशेजारी ठेवला.

"ओही," ती म्हणाली. मान हलवल्यावरून ते नाही असं कळत होतं. "धोंदी."

"धोंदी," भाऊ म्हणाला.

तिने शहानिशा केल्यासारखं पाहिलं. भावाने कुत्र्यावर बोट ठेवलं. "किओन."

"ओही. स्किलोस."

"स्किलोस."

पोरीला तेवढंच हवं होतं. इतक्या दिवसांनी चूक करणारं मोठं माणूस हाती लागलं होतं. तिने डोळे पुसले आणि कारखान्याचा ताबा घेतला. मी धरलेला पेला ओढला. नेरो. डब्यातला पाव. प्सोमी. दार लावून उघडलं, पोर्ता. भाऊ तिच्या मागे गुडघ्यांवर सरकत होता आणि चुकत होता, सुनेसमोर चुकायला जो दोन वर्षं घाबरला तो. अवशेषांचा सगळा वर्ग तिने तासाभरात मोडीत काढला. मग ती प्लास्टरच्या देवळापाशी आली. भाऊ जरा दबकतच म्हणाला, "नाओस." ती मान डोलवत म्हणाली, "ने, नाओस." एक बरोबर आलं. साठ वर्षांचा माणूस, एखाद्या परीक्षेत पास झाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला. एरवी मी त्यावर काहीतरी बोलले असते.

त्याऐवजी मी पॉलिशची मोटर सुरू केली. कामं पडली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिथे कुणी विचारत नव्हतं. चाक गर्रकन फिरलं तशी पोरगी दचकून त्याला बिलगली. "फोवोस?" त्याने विचारलं. तिने त्याला सुधारलं. "फोवामे."

"ताई, मोटर बंद कर," भाऊ म्हणाला. "घाबरतेय ती."

इतक्या वर्षांत त्याने मला कधी काम थांबवायला सांगितलं नव्हतं. मी मोटर बंद केली आणि हातातली कवळी मांडीवर घेऊन बसले. ते दोघं कुत्र्याच्या तोंडात पोरीचा दात मेणाने बसवत होते. एक शब्द तिचा, एक त्याचा. मधे बोलायला मला जागाच सापडत नव्हती. मी गप्प बसले, किती वेळ ते मला कळलं नाही.

पोरीला कळलं. तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मग भावाला विचारलं, "ई याया धेन मिलाई?"

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं दिव्यावर वाचत होते. पापूसच्या जागी फक्त याया, आजोबांच्या जागी आजी.

भावाने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने तिला काहीतरी उत्तर दिलं, तीन-चार शब्दांचं, अडखळत. त्यातला एक मला कळला, भीतीचा. फोवोस.

पोरगी उठली. कुत्र्याच्या तोंडातून निघालेला तो कवळीचा दात तिने उचलला, माझ्यासमोर आली, तळहात माझ्या नाकापुढे धरला आणि थांबली. धोंदी म्हणायचं, ते मला माहीत होतं. सकाळपासून दहादा ऐकलं होतं. तोंड उघडलं, पण जीभ काही हलेना.

"बोल ना, ताई," भाऊ म्हणाला.