दीड तासाचं जावळ

तीर्थपुरीत शिवणकाम करणाऱ्या द्वारकाबाईंपुढं कुणी 'दीड तास' म्हणायची सोय नाही. बंगळुरूला नोकरी करणारा त्यांचा मुलगा भारत फोनवर दरवेळी तेच म्हणतो, "आई, संभाजीनगर विमानानं दीड तास. कधीबी येतो."

नातीचं जावळ पिंपळगावच्या रेणुकाईपुढं काढायचं, असं ती जन्मली तेव्हाच ठरलं होतं. त्यासाठी द्वारकाबाईंनी दरवर्षी नवा झगा शिवला, आधीच्यापेक्षा मोठ्या मापाचा. असे चार झाले. दर नवरात्रात त्या तीन एसट्या बदलून, अर्धा दिवस खर्चून रेणुकाईला जातात आणि देवीची माफी मागून परत येतात.

परवा भारतचा फोन आला. नातीचे केस त्यानं तिकडंच सलूनमध्ये काढले होते. "कुरिअरनं पाठवून राह्यलो. तू देवीला वाहून टाक."

द्वारकाबाईंनी मशीन थांबवली.

"केस ठेव तुझ्यापाशी. देवीनं केस न्हाई, लेकरू बघायला बोलावलं व्हतं. दीड तासाच्या वाटेला लागून तुला चार वर्षं झाली, भारत. अजून पोचला न्हाईस तू."