काकूजींचे लच्छे

काकूजी कढईत बघून तळत नसत, कान देऊन तळत. किसलेला बटाटा तेलात पडला की आधी नुसता गलका उठतो. तो ओसरून तेल गप्प झालं की त्यांचा झारा आत जायचा आणि लच्छे बाहेर यायचे, पांढरे आणि कुरकुरीत. मधेच कुणी बडबडलं की डाफरायच्या, "चूप बसा गं, आलू बोलतोय." जन्मभर मराठी बोलल्या, पण बटाटा हा शब्द काही त्यांच्या तोंडी बसला नाही.

मी लग्न होऊन कराडहून थेट झाशीला आले. आमचे हे फौजेत, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत. क्वार्टर मिळेना म्हणून प्रेमनगरात दोन खोल्या घेतल्या, तर समोरच काकूजींचं घर. त्यांचं माहेर-सासर दोन्ही झाशीतलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर त्या एकट्याच राहत. सगळी गल्ली त्यांना काकूजी म्हणायची आणि त्या मला बहू म्हणायच्या. नात्याचा पत्ता नाही, पण हाक मात्र अशी की चुलीवरचं टाकून धावत जावं.

गल्लीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाला बढती मिळो, पार्टी म्हटली की लच्छे काकूजींचेच. बोलवायचीही गरज नसे, किसणी घेऊन स्वतःच हजर. किसलेले लच्छे चार पाण्यांतून काढायचे, जुन्या धोतरावर पसरून खडखडीत कोरडे करायचे, मग तेलात. वर तळलेले शेंगदाणे, कढीलिंब, मीठ, चिमूटभर पिठीसाखर. पार्टीत मात्र त्या बसायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून लोकांच्या तोंडातला कुरकुर आवाज ऐकायच्या आणि समाधानाने घरी जायच्या.

आलू घ्यायला मला मानिक चौकात घेऊन जात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "भैया, खेत का है कि कोल्ड का?" भाजीवाला कळवळून म्हणायचा, "काए काकूजी, हम झूठ बोलहें का?" यांचा विश्वास नाहीच. मला सांगायच्या, "बहू, कोल्ड स्टोरेजात ठेवलेला आलू गोड होतो. आणि गोड आलू कढईत तोंड काळं करतो. आवाज थांबायच्या आधीच लाल होतो." मी मान डोलवायची. अक्कल किती शिरत होती ते देव जाणे.

त्यांचा मुलगा विनू पुण्याला नोकरीत होता. दर खेपेला त्याची एकच भुणभुण, "आई, एकटी कशाला राहतेस? चल माझ्याकडे." काकूजी म्हणायच्या, "माझं काय अडलंय? हातपाय चालतात, डोळे शाबूत आहेत." शेवटी मायलेकांचं ठरलं. ज्या दिवशी काही अडेल, त्या दिवशी झाशी सोडायची, कुरकुर न करता. त्यामुळे विनू आला की काकूजी दुप्पट झपाट्याने कामं करायच्या. मला हसू यायचं. त्या झपाट्यामागचं कारण तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका दिवाळीनंतर विनू बायकामुलांसह आला. नातवाचा पाचवा वाढदिवस इथेच करायचा ठरला, गल्लीतली तीसेक माणसं. काकूजी म्हणाल्या, "गुडघे दुखतायत, आलू तू आण." मी मानिक चौकातून चांगले मोठे, गुळगुळीत आलू आणले आणि मोठ्या हौसेने घरीच किसून, धुऊन, कोरडे करून त्यांच्याकडे नेले. "खेताचेच ना?" त्यांनी विचारलं. मी "हो हो" म्हटलं. विचारायचं साफ विसरले होते!

मी बाहेर खुर्च्या मांडत होते. परत आत आले तर परातीत तपकिरी लच्छ्यांचा ढीग, आणि काकूजी खुशीत चौथा घाणा सोडतायत.

"अगं बाई! काकूजी, हे काय?"

त्यांनी एक काडी उचलून तोंडात टाकली. कडूजहर. चेहरा उतरला. मग अगदी हळू विचारलं, "बहू, रंग कसा आलाय?"

समोर परात होती आणि त्या मला रंग विचारत होत्या.

"होळीपासून नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "विनूला सांगू नको."

तेवढ्यात विनू आलाच. "आई, हे तुझ्या हातून?"

"माझ्या हातून, विनूभाऊ," मी म्हटलं. "काकूजी देवाजवळ दिवा लावायला गेल्या, मी आगाऊपणा केला." तो हसला आणि बाजारातून समोसे घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने मला धारेवर धरलं. "बहूने तो लंका फूँक दी!" मला काही वाटत नव्हतं. काकूजींचं घर राहिलं, बस. उलट जरा ऐटच वाटत होती.

विनूच्या निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारणी चहाला जमल्या. कुणीतरी पुन्हा तेच काढलं, "आता बहूच्या हाती कढई देऊ नका हं." काकूजींनी कप खाली ठेवला. "थांबा. ते लच्छे मी तळले. मला दिसलं नाही म्हणून करपले. विनू, माझंही सामान बांध."

सगळ्या गेल्यावर मी भांडले त्यांच्याशी. "कशाला बोललात? आलू तर मीच चुकीचे आणले होते!"

"आलू तू आणलेस, तळले मी. बघणारीला पहिल्याच घाण्यात कळलं असतं." मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझं घर राखायला तुझं नाव का जाळू? तू नवी पोर. हिच्या हाताला चव नाही, हे एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही गं."

गेल्या. स्टेशनावर मी इतकी रडले की विनूच मला समजावत होता. खोटं बोलून मी त्यांना वाचवायला गेले, आणि त्याच खोट्यापायी त्यांनी घर सोडलं. हे मला अजून सलतं.

पुण्याला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी त्यांच्याच हातचं पत्र आलं, ओळी सरळ, अक्षर घोटीव. लिहिलं होतं, "बहू, आता सुई ओवते, पोथी वाचते. सगळं दिसतं. झाशी तेवढी दिसत नाही."