कुकटपल्लीतली माझी मराठी

सिकंदराबाद स्टेशनाबाहेर आले आणि समोरच्या बसची पाटी वाचायला गेले. सगळी अक्षरं गोल गोल, एकही ओळखीचं नाही. परभणीत नर्सिंगचा कोर्स चांगल्या मार्कांनी पास होऊन हैदराबादच्या इस्पितळात नोकरीला आलेली मी, गाडीतून उतरताक्षणी निरक्षर झाले होते.

शेवटी रिक्षा गाठली. चालकानं पत्ता ऐकून माझ्या बॅगांकडे पाहिलं.

"कुकटपल्ली? उत्ता दूर अकेले जारे? बैठो अम्मा, फिकर नक्को करो."

त्या 'नक्को'नं क्षणभर धीर आला. आपला 'नको'च तो, जरा ठासून म्हटलेला. मग तासभर उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि साड्यांच्या दुकानांचे प्रचंड फलक मागे पडत राहिले आणि तो धीरही कुठंतरी गळून पडला.

हॉस्टेलवर खोलीत माझ्याबरोबर वरंगळची स्वप्ना होती. स्वभावानं चांगली, पण आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, तेवढ्यास तेवढं. मेसमध्ये दोन्ही वेळा भात आणि पप्पू (वरण). एकदा तिनं ताटात गोंगुऱ्याची चटणी वाढली. पहिल्याच घासाला कळलं, ही तर आपली अंबाडी! घरची इतकी आठवण आली की ताट तसंच ठेवून उठले.

वॉर्डातले पहिले दिवस तर विचारू नका. एक म्हातारी सारखी "चलि, चलि" म्हणत होती. मला वाटलं, बाईंना चालायचंय. मी त्यांना धरून उठवायला लागले. त्या माझा हात झटकू लागल्या आणि सगळा वॉर्ड हसू लागला. चलि म्हणजे थंडी. त्यांना पांघरूण हवं होतं. मी ते आणून दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. रुग्णाचं दुखणंच जिला कळत नाही, ती कसली नर्स?

पुढं माझी बदली अतिदक्षता विभागात झाली. तिथं देगलूरकडून आणलेले एक गंगाधरराव होते. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला; श्वास यंत्रावर चालू. बाहेरच्या बाकावर त्यांची बायको कौसाबाई बसून असायची, माझ्यापेक्षा चारदोन वर्षांनी मोठी. माझ्या तोंडून मराठी ऐकली आणि तिनं माझा हातच धरला.

"आपल्याकडली हाईस व्हय गं माय? इथं कुणाचं काईच कळत न्हाई बघ."

तेव्हापासून ती मलाच सगळं विचारायची. नळीतून काय देता, हात गार का लागतो, डोळे कधी उघडतील. गावाहून कुणी डबा आणला की ज्वारीची भाकरी आणि ठेचा माझ्यासाठी बाजूला ठेवायची. "भात खाऊन जीव कटाळला असंल तुझा," म्हणायची. त्या परक्या शहरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते तिच्या शेजारी, जिन्याच्या पायरीवर.

एका दुपारी डॉक्टरांनी मला बोलावलं. "सिस्टर, आप मराठी हैं ना? उनकी वाइफ को बता दीजिए. अब उम्मीद नहीं है."

डॉक्टर तिला हिंदीतून समजावत माझ्या शेजारीच उभे राहिले, पण ती माझ्याकडेच बघत होती. मी सांगितलं. मेंदूचं काम थांबलंय, छाती हलते ती यंत्रामुळं. माझ्याच भाषेतले शब्द मला जड जात होते.

ती रडली नाही. म्हणाली, "डाक्टरनी त्येंच्या बोलीत हाक मारली असंल. म्हणून ओ देईनात. तू मराठीत मार."

डॉक्टरांनी मान हलवून परवानगी दिली. आम्ही दोघी आत गेलो. मी वाकून हाक मारली, "गंगाधरराव! अहो गंगाधरराव!" काही हललं नाही. पुन्हा मारली. मग कौसाबाई पुढं झाली. आजवर नवऱ्याचं नाव तिनं माझ्यापुढं एकदाही घेतलं नव्हतं. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली, "गंगाधर!"

सगळा विभाग वळून बघू लागला. मॉनिटरवरची रेघ तशीच चालत राहिली.

ते गेले. अॅम्ब्युलन्समध्ये बसेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. या शहरात ती बोलली होती ती फक्त माझ्याशी.

नांदेड, परभणी, लातूरचे कितीतरी रुग्ण इथं येतात. त्या दिवसानंतर आता आशा नाही असं कुणाला सांगायचं असलं की कुठल्याही मजल्यावरून मलाच निरोप यायला लागला. पांढऱ्या कपड्यात मी येताना दिसले, मराठीत बोलले, की आधी त्या माणसांचे चेहरे उजळायचे. ते उजळणं मला बघवत नसे.

पहिली रजा मिळाली तेव्हा दिवसाच्या गाडीनं निघाले. धर्माबादला स्टेशनच्या गडबडीत मराठी ऐकू आली. वाटलं होतं तसा आनंद मात्र झाला नाही. तिथं एक बाई चढली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. बोलता बोलता मी हैदराबादला नर्स असल्याचं तिला कळलं.

"आमच्या भावाला तिकडंच न्या म्हनतेत," ती जवळ सरकली. "पर तिथं आपल्या बोलीत सांगनारं कुनी भेटतं का वं माय?"

घर सोडताना वाटलं होतं, परमुलखात आपली भाषा आपल्याला सांभाळील. ती आता मला तोंडातून बाहेर काढायचीच भीती वाटते. पण बाई उत्तराची वाट बघत होती.

"भेटतं," मी म्हणाले.

तिनं सुस्कारा सोडला आणि पाकीट मांडीवर ठेवून माझा हात हातात घेतला. नांदेड येईपर्यंत मला तो सोडवून घेता आला नाही.