एक देवाच्या नावाने

आमच्या कल्याणच्या घरातली कुठलीही बरणी कुणाला धड उघडता यायची नाही. लोणच्याची, मेतकुटाची, मुरंब्याची, सगळ्यांची झाकणं बाबा लावायचे आणि त्यांनी लावलेलं झाकण म्हणजे लावलेलं. आई आधी झाकणाला फडकं गुंडाळायची, मग बरणी ओट्याच्या कडेला आपटायची आणि शेवटी हाक मारायची, "अहो, या इकडे, तुमचं तुम्हीच निस्तरा." मी शनिवारी कोलशेतहून गेले की म्हणायचे, "बाबा, पुढच्या वेळी मुरंब्यासाठी क्रेन घेऊन येते." बाबा खूश व्हायचे. गेली दोन वर्षं झाकणं जास्तच घट्ट व्हायला लागली होती आणि आम्ही दोघी मूर्ख बायका त्यावरही हसलो.

बाबा मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तरी त्यांचे हात काही स्वस्थ बसले नाहीत. बिल्डिंगमधला पाण्याचा पंप, कुणाचा गळका नळ, कुणाची शिलाई मशीन, सगळीकडे बाबाच. त्यांची एक पद्धत होती. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, पाना नंतर. लागला असं हाताला कळलं की थांबायचं आणि मग नखभर आणखी ओढायचं. त्या नखभराला ते म्हणायचे, "एक देवाच्या नावाने." लहानपणी मी शेजारी उकिडवी बसून विचारायचे, "बाबा, लागला?" ते म्हणायचे, "लागला. आता हे एक देवाच्या नावाने." मला वाटायचं, सगळ्याच घरांत असंच करतात.

मी स्वतः एका लहान कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर आटे तपासायचे आणि बोल्ट आवळून बघायचे, तेही टॉर्क पान्याने. या पान्यावर जोराचा आकडा लावून ठेवतात. तेवढा जोर झाला की तो कट्ट असा आवाज करतो. तो आला की थांबायचं, देवाबिवाचं काही नाही. बाबांना याचं भारी हसू. "पाना सांगणार का लागला म्हणून? मग हात काय नुसता जेवायला दिलाय?" यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. माझ्या नाकावर राग, त्यांच्याही. आई म्हणायची, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

गाडी मी दहावीत असताना घेतलेली. पेट्रोलची, जुन्या धाटणीची, बिल्डिंगखाली शेवग्याच्या सावलीत उभी असते. ती आता मीच चालवते. बाबांना साखर आहे, खूप वर्षांची. तळपाय सुन्न झालेत. एकदा त्यांची एक चप्पल खाली जिन्यातच राहिली आणि हे एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे वर आले, पत्ताच नाही! त्या दिवशी मी गाडीची चावी माझ्या पर्समध्ये टाकली. वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी चावी जाऊ दिली, कारण बॉनेटखालचं सगळं अजून त्यांचं होतं. बोटांत मुंग्या येतात असं मध्येच म्हणायचे, पण ते आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. बाबांचे पाने, हातोडी, पकडी, सगळं रॉकेलने धुऊन पाटावर मांडायचं. आणि त्याच्या आधी बाबा गाडीचं इंजिन उघडणार. दसऱ्याला गाडीला हार घालायचा तर आधी तिचं पोट साफ पाहिजे, हा त्यांचा हट्ट. इंजिनाच्या डोक्यावर एक पत्र्याचं झाकण असतं, टॅपेट कव्हर. ते काढायचं, आतलं बघायचं, नवं पॅकिंग घालून परत आवळायचं. बोल्ट बारीक असतात आणि ते ज्यात बसतात ते हेड अॅल्युमिनियमचं, म्हणजे नरम. जोर बेतानेच लावावा लागतो.

गेल्या वर्षी नवरात्रातल्या शनिवारी मी पोचले तर बाबा कव्हर आवळून गाडीजवळ स्टुलावर बसलेले. म्हणाले, "ऑइल गळतंय जरा. पॅकिंगच भिकार निघालं." मी इंजिन चालू केलं. जळक्या ऑइलचा वास आणि धूर. बंद करून एका बोल्टला पाना लावला, तर तो नुसताच गोल फिरायला लागला. बोटांनी उपसला. आट्यांमध्ये अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. हेडातले आटेच उपटून बाहेर आले होते. दुसरा बोल्ट तसाच, तिसराही तसाच.

"अहो बाबा, हे काय करून..." मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला बरण्या आठवल्या. आईने बरण्या आपटून चेचलेली ओट्याची ती कड आठवली. बोल्ट लागला, झाकण बसलं, हे बाबांच्या हाताला कळतच नव्हतं. कळत नव्हतं म्हणून ते ओढत राहत होते, आणि आम्ही क्रेनचे विनोद करत होतो.

बाबा माझ्याकडे बघत होते. "धातूच हलका हल्लीचा," ते म्हणाले. पस्तिशीला आलेल्या हेडाला हल्लीचं म्हणाले. एक बोल्ट गेला असता तर मीही धातूला बोल लावला असता. पण तीन गेले होते. हे आपल्या हाताने झालंय असं त्यांनी एकदा मान्य केलं, की ते पान्याला पुन्हा शिवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. चावी तर मी आधीच घेतली होती. मग उरलं काय त्या माणसाकडे? "हो ना, जुनं झालं हेड," मी म्हटलं. आई गॅलरीतून सगळं बघत होती. वर गेले तर हळूच म्हणाली, "राहू दे गं, झाकली मूठ."

माजिवड्याच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, चुडी मेलीय त्याची, आटे गेलेत. हेड बदलायला पायजे, आणि त्या गाडीचं हेड आता मिळतंय कुठे? काढून टाका ना गाडी." मी फोन ठेवला आणि काढून टाका म्हणे, काढून टाका म्हणे, असं कितीतरी वेळ एकटीच पुटपुटत बसले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अर्धी रजा टाकून आले. कारखान्यातून साहेबांना विचारून टॅप, कॉइल आणि टॉर्क पाना आणला होता. काम सांगायला सोपं आहे. झडलेलं भोक ड्रिलने थोडं मोठं करायचं, टॅप फिरवून त्यात नवे आटे पाडायचे आणि त्या आट्यांत पोलादी तारेची बारीक कॉइल बसवायची. कॉइलच्या आतून जुन्याच मापाचे आटे मिळतात, आणि आधीच्यापेक्षा मजबूत. फक्त ड्रिल सरळ धरावं लागतं आणि कीस इंजिनात पडू द्यायचा नाही.

बाबा स्टुलावर बसून सांगत होते आणि मी करत होते. उघड्या इंजिनावर आईच्या जुन्या साडीचे तुकडे अंथरले. ड्रिलला ग्रीस फासलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. टॅप मारताना बाबांनी त्यांच्या जपून ठेवलेल्या बाटलीतलं रॉकेल थेंब थेंब सोडलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एकदा मी जरा घाई केली तर म्हणाले, "थांब, चावतोय. मागे घे." माझ्या हाताला काही कळलं नव्हतं, त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. मागे घेतला तर कीस खरंच अडकला होता. डोकं, डोळे, कान, सगळं शाबूत होतं हो त्यांचं. तेवढी बोटंच काय ती आड आली होती.

तिन्ही कॉइल बसल्या. कव्हर लावलं, बोल्ट आवळत आणले. शेवटचा राहिला तेव्हा बाबा उठले. "हा मी लावतो."

मी बाजूला झाले. त्यांनी बोल्ट चिमटीत धरला, भोकावर टेकवला आणि फिरवायला लागले. तो तिरका जात होता. मला दिसत होतं, त्यांना कळत नव्हतं. मग ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "बरोबर बसलाय ना गं?"

उभ्या आयुष्यात बाबांनी मला हे विचारलं नव्हतं. "थोडा कलतोय," मी म्हटलं आणि त्यांच्या मनगटाला धरून सरळ केला. बोल्ट बोटांनी आत गेला. त्यांनी आपला जुना रिंग पाना उचलला, बोल्टावर ठेवला आणि तसाच परत काढला.

"तो तुझा कट्टवाला आण."

मी आकडा लावून टॉर्क पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी हळूहळू ओढला, मान कलती करून, कान देऊन. कट्ट झालं. आता नखभर आणखी ओढतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी पाना काढून घेतला.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "हाताला काहीच कळलं नाही गं. एवढंसुद्धा नाही." आणि मग, "ते तीन मीच मारले. धातूचं काही नाही त्यात. तुला पण माहितीये."

मला रडू फुटलं. रडू आलं की मला भयंकर राग येतो, म्हणून मी साडीचे तुकडे गोळा करून उगाचच जोरजोरात झटकायला लागले. बाबा म्हणाले, "पुरे. मी काही मेलो नाहीये." तरी मी झटकतच होते.

दुसऱ्या दिवशी पाटावर हत्यारं मांडली. पूजा ज्याची हत्यारं त्याने करायची, ही आमची रीत. बाबांनी हळद-कुंकवाची कोयरी माझ्यापुढे सरकवली. "मी?" म्हटलं. "आता तूच," म्हणाले आणि झेंडूची फुलं निवडत बसले. मध्यभागी त्यांनी तो टॉर्क पाना ठेवायला लावला. कारखान्याचा होता, परत द्यायचा होता, तरी ठेवायला लावला. दसऱ्याला पूजेतली हत्यारं उचलायची तीही त्यांनी मलाच उचलायला सांगितली.

गाडीतून तेव्हापासून ऑइलचा थेंब गळलेला नाही. बाबांनी बॉनेट पुन्हा उघडलं नाही. पंपाला किंवा नळाला कुणी बोलवायला आलं तर म्हणतात, हल्ली जमत नाही. झाकणंही आता आईच लावते.

परवा जेवताना लिंबाचं लोणचं काढायला गेले. सवयीने फडकं घेतलं, बरणी पोटाशी धरली, तर झाकण एका बोटाने फिरलं. बाबा आत टीव्हीसमोर बसले होते. मी झाकण परत लावलं, होता नव्हता तेवढा जोर लावून लावलं आणि हाक मारली, "बाबा, उघडत नाहीये हो."

"आईला सांग," ते आतूनच म्हणाले.