काकीने वाचलेली चौकट

दवाखान्यात शिरली की ती आधी पदराने चष्मा पुसायची. खुर्चीत न बसता भिंतीवरच्या चौकटी वाचत फिरायची आणि मग डॉक्टरला तोंडावर विचारायची, "हा कागद कशाचा हाय?"

आमच्या शेजारची काकी. गाव न्हावा शेव्याच्या अलीकडचं. काकीचा जन्म अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांची वजनं करण्यात गेला. शिक्षण सातवी. मी बी. कॉम., कंटेनर यार्डाच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे कागद तपासणारी. आणि स्वतःच्या पोरीचा डॉक्टर कसा निवडला? सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या हाताला गुण आहे." झालं! तुमच्याकडेही असंच ठरत असेल. शिवाय हा डॉक्टर गावच्या क्रिकेट स्पर्धेला दरवर्षी चषक द्यायचा. पाटीवर 'बालरोगतज्ज्ञ'. मग कोण कशाला विचारतंय?

माझी ओवी तेव्हा आठ महिन्यांची. महिनाभर खोकत होती. तो दर चार दिवसांनी इंजेक्शन टोचायचा, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. काकीने तिला वजनकाट्यात घातलं आणि माझ्यावरच खेकसली, "अर्धा किलो उतरली पोर! चल, मी येते तुझ्याबरोबर."

तिथे तिने चौकट वाचली. मोठ्या सोनेरी शिक्क्याचं ते प्रमाणपत्र तीन दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याचं होतं.

"आणि पोरांच्या डॉक्टरकीची डिग्री?"

डॉक्टर हसला. "काकी, विश्वास नाही का?"

"त्याचं नंतर बघू. नोंदणीचा नंबर सांगा."

त्याने सांगितला नाही. मला घाम फुटला तो पोरीच्या काळजीने नव्हे, रांगेतल्या बायका बघत होत्या म्हणून. आज स्वतःचीच चीड येते.

पनवेलचं मुलांचं रुग्णालय काकीनेच शोधलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सरकारी यादीत आहे का, ते मला मोबाइलवर बघायला लावलं. मग आमचा विमा चालतो का म्हणून फोन केला आणि "नाव काय तुमचं, भाऊ?" असं विचारून ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. पोचलो तर काउंटरवरचा म्हणे, लहान मुलांना कॅशलेस नाही, आधी पैसे भरा. पोर धापा टाकतेय आणि हा मेला मोबाइल बघतोय! काकीने चिठ्ठी त्याच्यासमोर आपटली. "सकाळी या माणसाने हो म्हटलंय. बोलवा त्याला." बोलवावाच लागला. थोड्या वेळात ओवी ऑक्सिजनवर होती. न्यूमोनिया निघाला. "अजून दोन दिवस थांबला असतात तर..." एवढं बोलून डॉक्टरीणबाई ओवीचा मास्क नीट करू लागल्या.

ओवी वाचली. गावाने काय करावं? गावच्या डॉक्टरचा अपमान केला म्हणून काकीला हळदीला बोलवायचंच बंद केलं! आणि मी? तोंड शिवल्यासारखी गप्प. एका हळदीला तर जेवूनसुद्धा आले. काकीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "पोर खातेय ना नीट? मग बास."

मागच्या महिन्यात काकी गेली. नाक्यावर श्रद्धांजलीचा भला मोठा फलक लागला. वर काकी आणि खाली शोकाकुल मंडळींत पहिला फोटो त्याचाच, 'बालरोगतज्ज्ञ' या शब्दासकट! माझं डोकंच फिरलं. भर दुपारी पानवाल्याच्या स्टुलावर चढून मी कात्रीने ते तोंड कापून काढलं.

"अगं, वेडी झालीस का? उतर खाली!" सासूबाई ओरडत होत्या.

कशी उतरणार? त्याचं नाव कापायचं राहिलं होतं.